उभी पुसलेली काच

तुम्ही काच पुसताना हात कुठून कुठं नेता? थांबा, विचार करू नका, पटकन सांगा. डावीकडून उजवीकडं? वरून खाली? की गोल गोल? नाही ना सांगता येत? मग ज्या बाईला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, तिच्या दोन बोटांबद्दल "तिचंच काहीतरी चुकलं असेल" असं म्हणायची घाई करू नका. तसं म्हणणारे आधीच पुष्कळ झालेत.

त्या बाईला सगळे काचमावशी म्हणत. एका मोठ्या संशोधन संस्थेच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं काचा धूत होती. काम संस्थेचं, पण कागदोपत्री ती कंत्राटदाराची. म्हणजे काम चोख झालं की ते संस्थेचं, आणि काही बिघडलं की बाई कंत्राटदाराची. या एकोणीस वर्षांतल्या एकाच दुपारी तिनं एक काच उभी पुसली. ती कुणाच्या सांगण्यावरून, एवढाच प्रश्न आहे. स्वतःच्या मनानं पुसली असेल तर तिला ना उपचार, ना काम, वर नियम मोडल्याचा डाग. कुणी सांगितलं म्हणून पुसली असेल, तर तिचा हात ही संस्थेची जबाबदारी.

तिचं काम ऐकायला सोपं. बोटभर लांबीच्या काचपट्ट्या यायच्या. त्या साबणाच्या पाण्यातून, मग साध्या पाण्यातून, मग स्पिरिटमधून काढायच्या आणि एका खास मऊ कापडानं पुसायच्या. पुसायचं नेहमी आडवं, डावीकडून उजवीकडं, आणि एकदाच. "गोल पुसलंस तर कचरा फिरत राहतो, जात नाही," असं तिला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा केव्हाच निवृत्त झाला, हाताला लागलेली सवय राहिली.

मग काच जायची चष्मेवालीकडं. चष्मेवाली म्हणजे तिथं पदवीसाठी संशोधन करणारी मुलगी, चौथ्या वर्षाला. चष्मा एवढा जाड की मावशी म्हणे, "पोरी, तुला सूक्ष्मदर्शक कशाला? नुसतं वाकून बघ." चष्मेवाली काचेवर एक पातळ थर द्यायची, थरात नक्षी उठवायची, आणि काच पुन्हा मावशीकडं यायची, आम्लात बुडवायला. हे आम्ल काच खातं. म्हणून ते काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत, प्लास्टिकच्या ठेवतात. मावशीनं त्याचं नाव खादाड ठेवलं होतं. थर नसेल तिथली काच खादाड खातो आणि चर पडतात. इतके उथळ, की नख फिरवलं तरी लागत नाहीत.

हे चर कुणासाठी? तर मण्यांसाठी. केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढे काचेचे मणी, एका बाजूनं प्लॅटिनमचा मुलामा दिलेले, म्हणजे अर्धे पांढरे नि अर्धे काळे. ते पाण्यात सोडायचे आणि पाण्यात पेरॉक्साइड घालायचं, जखमा धुताना फेस येतो ते. मण्याची काळी बाजू पेरॉक्साइड फोडते आणि त्या जोरावर मणी स्वतःहून चालू लागतो. मावशीनं हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा पोछा हातातच राहिला.

"आमच्या ह्यांच्यासारखाच आहे की. अर्धा काळा, अर्धा गोरा, आणि ढकलल्याशिवाय चालत नाही."

"नाही मावशी, याला कुणीच ढकलत नाही. तीच तर गंमत आहे."

"मग ह्यांच्यासारखा नाही."

मोकळ्या काचेवर मणी जरा सरळ जातो, मग पाण्याचे बारीक धक्के बसून त्याचं तोंड फिरतं, पुन्हा दुसरीकडं जातो. दारू प्यायलेल्या माणसासारखा. पण वाटेत एखादी पायरी लागली, अगदी त्याच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाची का असेना, की पठ्ठ्या तिला जो चिकटतो तो सोडत नाही. कडेकडेनं चालत राहतो. चष्मेवालीचं सगळं संशोधन यावरच होतं: कडा कशा आखल्या म्हणजे मणी हवे तिथं जातील. उद्या म्हणे असेच मणी औषध वाहून नेतील. नेतील बापडे.

घरी मावशी हे नवऱ्याला सांगायची. नवरा फरशीवाला. आयुष्यभर लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून फरशा बसवल्या, आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता.

"त्यात काय नवल!" तो म्हणाला. "मुंग्या बघ. सबंध फरशी मोकळी असते, पण जाणार सांध्यातनंच. कडेची सवय सगळ्यांनाच असते. मोकळ्यात चालायला छाती लागते."

"तुमची आहे ना छाती. उठा मग, चहा ठेवा."

"छाती आहे गं, गुडघे नाहीत."

आता इथं स्टोअरवाल्याची ओळख करून द्यायला हवी. त्याला सगळे कुलूपराव म्हणत. पुसायचं कापड, हातमोजे, साबण, सगळं त्याच्या कुलपात. कापड एकदा वापरून टाकून द्यायचं, असं पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पण पाकीट महिन्याला एक.

"संपलं? खाता की काय कापडं?"

"खात नाही, पुसते. एक दिवस तुम्ही या पुसायला, मग कळेल किती लागतात."

"महिन्याला एक. कागदावर तसंच आहे."

"मग कागदानंच पुसू का?"

कुलूपरावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण कुलूप काही हललं नाही. मग मावशी काय करणार? कापड धुवायची, वाळवायची, परत वापरायची. हातमोज्यांचंही तेच. आठवड्याला दोन जोड. वापरलेला जोड पाण्यानं धुऊन नळाच्या तोटीवर उलटा टांगायचा. हे सगळ्यांना दिसत होतं. मोठ्या सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, रोज येता-जाता तोटीवरचे मोजे दिसत. एकदा ते हसून म्हणालेही, "मावशी म्हणजे काटकसरीचा आदर्श!" पाठ थोपटायला मोजे लागत नाहीत.

त्या वर्षी चष्मेवालीला काहीतरी विलक्षण सापडलं. नक्षीची काच तपासताना शेजारी एक कोरी काच ठेवतात, तुलनेसाठी. नक्षी नाही, बाकी सगळं तसंच. पुसलेली, आम्लात बुडवलेली. कोऱ्या काचेवर मणी वाटेल तसे भटकायला हवेत. ते भटकेनात. काही इकडं, काही तिकडं, पण सगळे एकाच रेषेत. आडवे. जणू काचेवर न दिसणारे रूळ टाकलेत. पाच काचा घेतल्या, दहा घेतल्या, तेच. मोठे सर हरखले. कडेशिवाय, नक्षीशिवाय मणी रांगेत चालतात! आम्लानं काचेच्या अंगातच काहीतरी दिशा जागी केली, असा त्यांनी सिद्धांत मांडला. लेख लिहिला, व्याख्यानं दिली, पेढे सोडून सगळं वाटलं.

आठ महिन्यांनी दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. त्यांनी तसंच सगळं करून पाहिलं होतं. तीच काच, तेच आम्ल, तसेच मणी. मणी वाटेल तसे भटकले. पत्राची भाषा सभ्य होती, पण अर्थ एकच: तुम्ही खोटं लिहिलंत. आणखी दहा दिवसांनी त्यांची दोन माणसं स्वतः बघायला येणार होती.

त्या दिवशी मोठ्या सरांचा आवाज बाहेर जिन्यापर्यंत येत होता.

"आकडे शिजवलेस का तू?"

"नाही सर."

"मग त्यांना का दिसत नाही? माझं नाव आहे त्या लेखावर! तुझ्या पदवीचं मी नंतर बघतो, आधी मला खरं काय ते सांग."

मावशी दाराशी बादली घेऊन उभी होती. चष्मेवाली बाहेर आली ती डोळे पुसत, आणि चष्मा नसल्यानं थेट बादलीला धडकली.

"रडू नकोस गं. रडल्यानं काच पुसली जात नाही."

"मावशी, मी काहीच खोटं केलेलं नाही."

"ठाऊक आहे मला. तुला साधी सुट्टीची थाप मारता येत नाही, आकडे कुठले शिजवतेस?"

चष्मेवालीच्या टेबलावर संगणकाचा पडदा चालूच होता. मण्यांच्या वाटा रंगीत रेघांनी काढलेल्या, शंभरेक आडव्या रेघा. मावशीनं ते चित्र आधीही पाहिलं असेल, पण झाडता झाडता. त्या दिवशी ती थांबून बघत राहिली. रेघा डावीकडून सरळ येत होत्या आणि उजव्या टोकाला सगळ्याच्या सगळ्या जराशा खाली वळत होत्या. स्वल्पविरामाच्या शेपटीसारख्या.

मावशीचं उजवं मनगट बारा वर्षांपूर्वी जिन्यात पडून मोडलं होतं. नीट बसलं नाही. तेव्हापासून पुसताना हात शेवटाला पूर्ण वळत नसे, जरासा खाली घसरायचा. तिनं स्वतःचा हात हवेत डावीकडून उजवीकडं नेला. घसरला. पुन्हा पडद्याकडं पाहिलं. तोच वळसा.

घरी गेल्यावर ती हवेत हात आडवा फिरवत बसली. फरशीवाल्यानं दोनदा विचारलं, मग म्हणाला, "अगं, काय झालंय? भांडलीस का त्या कुलपाशी?"

"अहो, ते मणी माझ्या हातावरनं चालतायत."

त्याला उलगडून सांगावं लागलं. धुतलेल्या कापडात बारीक कण अडकत असणार. त्यानं काचेवर न दिसणारे ओरखडे उठत असणार. मग खादाड त्या ओरखड्यांत शिरून ते रुंद करतो. कोरी काच कोरी नव्हतीच मुळी. मावशी रोज तिच्यावर नक्षी काढत होती.

फरशीवाला कारागिराच्या आवाजात म्हणाला, "असेल तर दिसेल. डोक्यावरच्या दिव्यात फरशीचा दोष कधी दिसत नाही. दिवा खाली ठेवायचा, जमिनीलगत, तिरका. मग ओरखडा पळून जाईल कुठं?" आणि थोड्या वेळानं, "पण सांगितलंस तर विचारतील, कापड धुऊन का वापरलंस?"

"विचारतील."

"आणि दोष कुलपावर जाणार नाही. तुझ्यावर येईल."

"येईल."

"हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस मग?"

"त्या पोरीला चोर म्हणतायत हो. खोटारडी म्हणतायत. तिनं काही केलेलं नाही, माझ्या हातानं केलंय."

फरशीवाल्यानं उठून चहा ठेवला. गुडघे कुरकुरले तरी ठेवला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं टेबलदिवा आडवा केला, खादाडातून काढलेली एक कोरी काच त्याच्या उजेडात तिरकी धरली. तिथं होत्या. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यासारख्या रेघा, टोकाला खाली वळलेल्या. तिनं चष्मेवालीला हाक मारली आणि सगळं सांगितलं, कापडं धुण्यासकट.

चष्मेवाली आधी चिडली. "मावशी, तुम्ही काय बोलताय कळतंय का तुम्हाला? हे संशोधन आहे, भांडी घासणं नाही."

"मग भांडी घासणाऱ्या बाईचं ऐकून बघ एकदा. नाही पटलं तर सोडून दे."

तिनं काच हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, काच डोळ्याशी नेली. मग खुर्चीत बसली आणि तिचा आवाजच बदलला.

"मावशी, तीन काचा करा. एक नेहमीसारखी पुसा, त्याच कापडानं. एक मुळीच पुसू नका. आणि एक उभी पुसा. वरून खाली."

"उभी? मी उभी कधी पुसत नाही."

"म्हणूनच. मणी उभे चालले तर तुमचं खरं."

"आत्ता? जेवणाची सुट्टी आहे."

"आत्ताच, प्लीज. दोनला सर येतील. त्याआधी मला हे त्यांच्यासमोर ठेवायचंय."

एवढं म्हणून तिनं आपल्या वहीत लिहिलं. वेळ घातली, एक चाळीस. 'काच तीन, उभी पुसली, माझ्या सूचनेवरून.' मावशीनं ते लिहिताना पाहिलं. तिला वाचता येत होतं, हे तिथं फार कुणाला ठाऊक नव्हतं.

हातमोज्यांचा खोका रिकामा होता. कुलूपराव जेवायला गेलेला. तोटीवर कालचा जोड टांगलेला होता. मावशीनं तोच चढवला.

आणि मग तिनं एक चूक केली, जी फक्त काळजीनं काम करणारं माणूसच करतं. एरवी काचा प्लास्टिकच्या जाळीत घालून एकदम बुडवायच्या; हात दूर राहतो. पण जाळीत घातल्या तर कोणती काच उभी पुसलेली आणि कोणती आडवी, हे उलटसुलट झालं असतं तर? पोरीची सगळी पदवी त्यावर. म्हणून मावशीनं एकेक काच चिमट्यात धरून बुडवली, एकेक वर काढली. आम्ल चिमट्यावरून ओघळलं. उजव्या मोज्याच्या तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकाला टाचणीएवढी भोकं होती.

खादाड लबाड आहे. पातळ केलेला असला की तो लागल्यावर कळतही नाही. आग नाही, फोड नाही. आत शिरतो, हाडाकडं जातो, आणि तासांनंतर आपलं म्हणणं सांगतो.

दोनला पाच मिनिटं कमी असताना चष्मेवालीनं काचांच्या कोपऱ्यात आकडे घातले आणि मणी सोडले. आडव्या काचेवर ते आडवे गेले. न पुसलेल्यावर भटकले. उभ्या काचेवर वरून खाली, खालून वर, आणि खालच्या टोकाला सगळे जरासे बाजूला वळले, मावशीच्या मोडक्या मनगटासारखे. चष्मेवालीनं उठून मावशीला मिठी मारली.

"मावशी, वाचवलंत मला!"

"अगं बाजूला हो, मोजे ओले आहेत."

सर आले. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हसले. चूक नव्हती, नवं काहीतरी होतं! साध्या पुसण्यानंसुद्धा मणी वळवता येतात. नक्षीचा महागडा थर नको, काही नको. दोघं लगेच वरच्या मजल्यावर गेले, संचालकांना सांगायला. मावशीनं तिन्ही काचा धुऊन डबीत ठेवल्या, मोजे धुऊन तोटीवर टांगले.

चार वाजता बोटं मुंग्या आल्यासारखी झाली. साडेपाचला बसथांब्यावर ती खाली बसली. बोटात कुणी तापलेली सळई घालून आतून फिरवावी, तसं. तिला कळलं. एकोणीस वर्षं ती खादाडाच्या शेजारी राहिली होती. ती धावत परत गेली.

खादाडावर उतारा एकच, कॅल्शियमचं मलम. ते भिंतीवरच्या काचेच्या पेटीत असतं. पेटीला कुलूप. किल्ली कुलूपरावाकडं, आणि कुलूपराव पाचला घरी. पहारेकरी म्हणाला, "मावशी, मी फोडू शकत नाही हो, संस्थेची मालमत्ता आहे." मावशीनं पायातली चप्पल काढली आणि टाचेनं पेटीची काच फोडली. आतली नळी दगडासारखी झालेली. तीन वर्षांपूर्वीची तारीख. दाबली तर बुडातून भुकटी पडली. चष्मेवालीचा फोन लागत नव्हता. वर आनंद चालला होता.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं भाजल्याचं साधं मलम लावलं.

"अहो डॉक्टर, हे साधं भाजणं नाही. याला कॅल्शियम लागतं. टोचावं लागतं."

"डॉक्टर तुम्ही का मी?"

ती ओरडली, भांडली. तिला शांत व्हायचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे डॉक्टर आले तेव्हा बोटं करडी पडली होती. चार दिवसांनी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून काढली. फरशीवाला बाहेरच्या बाकावर बसून होता. नर्सनं येऊन सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "फरशी फुटली तर बदलता येते हो."

पंधरा दिवसांनी कंत्राटदाराचा कागद आला. काम बंद. सोबत मोठ्या सरांच्या अहवालाची प्रत होती. 'सदर महिलेने जेवणाच्या सुट्टीत, कोणाच्याही सूचनेविना, वापरलेले हातमोजे घालून, नियमबाह्य पद्धतीने काम केले. तसेच संस्थेच्या सुरक्षा पेटीची नासधूस केली.' चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या अशा छापील असतात.

मावशीनं तक्रार केली. चौकशी बसली. लांब टेबल, पलीकडं तीन माणसं, कोपऱ्यात चष्मेवाली. मधल्या माणसानं विचारलं, "तीन नंबरची काच उभी पुसायला या बाईंना आपण सांगितलं होतं का?"

चष्मेवालीनं खाली पाहिलं. मोठे सर तिच्याकडं बघत होते.

"मला नीट आठवत नाही."

"वहीत नोंद आहे का?"

"वही... वही सरांकडं आहे."

सर म्हणाले, वही सापडत नाही. मावशी उभी राहिली. बांधलेला हात तिनं टेबलावर ठेवला.

"एकोणीस वर्षांत मी एकही काच उभी पुसली नाही. साहेब, त्या दिवशी माझ्या मनाला अचानक उभं पुसायचा झटका आला का? का माझ्या बोटांना कंटाळा आला होता?"

"भावनेच्या भरात बोलू नका. पुरावा आहे का?"

"ती काच बघा. तिच्यावर मणी सोडा. ते सांगतील."

तिघांपैकी एकाला हसू आलं. चौकशीत मण्यांची साक्ष घेत नाहीत, म्हणाला. पुढची तारीख दिली.

दोन महिन्यांनी लेख आला. नवा, सुधारलेला. लेख इंग्रजीत, म्हणून फरशीवाल्यानं शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून तो वाचून घेतला. 'काच स्वच्छ करताना उमटलेल्या सूक्ष्म ओरखड्यांमुळे स्वयंचलित कणांना दिशा मिळते.' खाली आभारांची यादी होती. संचालक होते, निधी देणारे होते, पत्र पाठवणारी ती प्रयोगशाळासुद्धा होती. ओरखडे मात्र आपोआप उमटले होते.

त्यानंतर एका दुपारी चष्मेवाली घरी आली. दारातच उभी राहिली. फरशीवाला म्हणाला, "या, बाईसाहेब. काय आठवलं का मग?"

ती रडायला लागली. मावशीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, डाव्या हातानं. भांडं कलंडलं.

"मावशी, माझी पदवी दोन महिन्यांवर आहे. सही सरांची लागते. मला... मला बोलता येत नाहीये."

"दिसतंय."

तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेली डबी काढली. आत काच होती. कोपऱ्यात तिच्याच अक्षरात तीनचा आकडा. "वही त्यांनी घेतली. ही राहिली. बाकीच्या काचा त्यांनी फेकल्या. ही तुमच्याकडं असू दे. तुम्ही मला माफ करा."

मावशीनं काच घेतली नाही लगेच.  या पोरीसाठी तिनं स्वतःवर दोष ओढवून घेतला होता. आणि ही पोरगी त्या टेबलाशी चार शब्द बोलली होती.

"मोकळ्या काचेवर होतीस गं तू," ती म्हणाली. "तुला कुणी चर पाडून दिला नव्हता. तरी तू कडेकडेनंच चाललीस."

चष्मेवालीनं मान खाली घातली आणि गेली. चहा तसाच राहिला.

मग फरशीवाला कष्टानं जमिनीवर बसला. टेबलदिवा खाली ठेवला, तिरका केला, आणि काच फरशीला टेकवून उजेडात धरली. वरून खाली, वरून खाली, शंभर बारीक रेघा, आणि प्रत्येकीच्या टोकाला तो मोडक्या मनगटाचा घसरलेला वळसा. ते वळण जगात दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. आणि आता तिच्याही नाही. चार महिने झाले, मावशी डाव्या हातानं खिडकीची काच पुसायला जाते, आणि हात गोल गोल फिरतो. कचरा फिरत राहतो, जात नाही.

चौकशीची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. मण्यांची साक्ष त्यांना नको असेल तर नको. माणसांची तर नाकारता येणार नाही! काच उभी पुसलेली आणि तिच्यावर आकडा चष्मेवालीच्या अक्षरातला, म्हणजे ती प्रयोगासाठी सांगून करून घेतलेली, हे उघड होईल. ही काच बघायला मणी लागत नाहीत, प्लॅटिनम लागत नाही. कुठल्याही शाळेतलं साधं सूक्ष्मदर्शक चालतं. तुम्ही शाळेत शिकवत असाल, तपासणीच्या दुकानात रक्त बघत असाल, किंवा अशा कुणाला ओळखत असाल, तर एक तास काढा. मावशीच्या घरी या. दिवा डोक्यावर नको, तिरका धरा. रेघा उभ्या आहेत की आडव्या, टोकाला कुठं वळतात, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि जे दिसेल ते, तेवढंच, स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करा.